कुंपण नसलेलं जंगल

ऑक्टोबर उजाडला की केळापूर तालुक्यात दोन हंगाम जवळपास एकाच वेळी सुरू होतात. पहिला कापसाचा. बोंडं फुटायला लागली की घरची बाई शेतात सीतादही करते, काळ्या मातीला दहीभात दाखवते आणि मगच वेचणीला हात लागतो. दुसरा हंगाम सफारीचा. पावसाळ्यात बंद असलेली टिपेश्वर अभयारण्याची गेटं उघडतात आणि पांढरकवडा, पाटणबोरीच्या बाजूनं नागपूर-हैदराबादच्या गाड्यांची ये-जा वाढते. दिवस कलताना दोन्ही हंगाम एकाच रस्त्यावर भेटतात. उघड्या जिप्सीतून पाहुणे परतत असतात आणि रस्त्याच्या कडेनं, कमरेची ओटी सोडून खांद्यावर टाकलेल्या वेचणीच्या बाया घोळक्यानं घराकडे निघालेल्या असतात. बोलणं दोन्हीकडे वाघाचंच. जिप्सीतल्यांना तो दिसायला हवा असतो, बायांना तो दिसायला नको असतो.

टिपेश्वरवर जे लिहिलं-दाखवलं जातं, ते बहुधा जिप्सीतून. वाघीण आणि तिची पिल्लं, पाणवठा, सागाच्या वाळक्या पाचोळ्यावरची पावलं. हे सगळं खरं आहे आणि देखणंही आहे. पण यवतमाळ जिल्ह्यात वाघ जेवढा अभयारण्यात राहतो, तेवढाच शेतांच्या धुऱ्यांवर, नाल्यांत आणि गावाशेजारच्या झुडपी रानातही राहतो. त्यामुळे टिपेश्वर समजून घ्यायचं तर गेटच्या दोन्ही बाजूंना फिरावं लागतं.

देवीचं रान, सरकारचं अभयारण्य

टिपेश्वर हे राष्ट्रीय उद्यान नाही. ताडोबा 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, राज्यातलं पहिलं. टिपेश्वरला अभयारण्याचा दर्जा मिळायला 1997 साल उजाडलं. तो व्याघ्र प्रकल्पही नाही. मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, बोर आणि नवेगाव-नागझिरा या राज्यातल्या सहा व्याघ्र प्रकल्पांच्या यादीत त्याचं नाव सापडणार नाही. क्षेत्रफळ 148 चौरस किलोमीटरच्या आसपास. ताडोबा-अंधारी प्रकल्प गाभा आणि बफर धरून 1,700 चौरस किलोमीटरच्या पुढे जातो. टिपेश्वर त्याच्या दहाव्या हिश्शालाही पुरत नाही. तरीही आज वाघ बघायला येणाऱ्यांच्या तोंडी ताडोबा-पेंचच्या जोडीनं टिपेश्वरचं नाव असतं.

नाव आलं ते टिपाई देवीवरून. जंगल पानझडी आणि सागाचं. सोबत तेंदू, मोह, ऐन, धावडा आणि मध्येमध्ये गवताळ मोकळी रानं. ही मोकळी रानं काही सगळी निसर्गानं दिलेली नाहीत. अभयारण्याच्या पोटात टिपेश्वर आणि मारेगाव ही गावं होती. त्यांचं बाहेर पुनर्वसन झालं. जिथं नांगर चालत होता तिथं गवत उगवलं. गवतावर चितळ-सांबरांचे कळप वाढले, रोही आणि रानडुकरं आली, आणि त्यांच्यामागे वाघ. पाहुणा कॅमेरा लावून बसतो त्या कुरणात कधी कुणाची ज्वारी उभी होती, हे त्याला सहसा कुणी सांगत नाही.

वाघांच्या वाढीच्या कहाणीत हे स्थलांतर पायाच्या दगडासारखं आहे. जंगल राखणारे वनमजूर आणि वनरक्षक, पाणवठ्यांची कामं, शिकारीवरचा धाक यांचाही वाटा मोठा. पण आपलं गावठाण, आपल्या विहिरी, आपल्या देवांच्या जागा सोडून जाणाऱ्या माणसांनी दिलेली किंमत त्या वाट्यात पहिली धरायला हवी. त्यात आदिवासी कुटुंबं मोठ्या संख्येनं होती. या पट्ट्यात कोलाम, गोंड, परधान राहतात. कातकरी आणि माडिया गोंडांप्रमाणेच कोलामांची गणना केंद्र सरकारच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होते आणि यवतमाळ हा त्यांचा महाराष्ट्रातला मुख्य जिल्हा. त्यांची वस्ती म्हणजे पोड. पोड बहुधा मुख्य गावापासून दूर, जंगलाला खेटून. त्यामुळे वाघाचा पहिला शेजारीही पोडच.

गाडीतून दिसणारं टिपेश्वर

सुन्ना, माथनी, कोदोरी ही आत जायची गेटं. सकाळी एक फेरी, दुपारी एक. गाडीसोबत स्थानिक गाइड सक्तीचा. ही सक्ती इथली सर्वांत शहाणी तरतूद म्हणावी लागेल, कारण तिच्यामुळे आसपासच्या गावांतल्या पोरांना जंगलात राहून रोजगार मिळाला. लहानपणी गुरांमागे फिरताना ज्यांनी वाटा आणि आवाज ओळखायला शिकून घेतले, ते आता त्याच ओळखीवर घर चालवतात. वानराचा खाकरा, चितळाची शीळ, मोराचा एकाएकी थांबलेला आवाज यांचा अर्थ ते पाहुण्यांना लावून दाखवतात.

टिपेश्वरचं आटोपशीरपण हेच त्याचं पर्यटकांना वाटणारं आकर्षण. क्षेत्र लहान, वाघ पुष्कळ, झाडी विरळ. त्यामुळे दर्शनाची शक्यता चांगली. हैदराबादहून येणाऱ्याला ते राष्ट्रीय महामार्ग 44 वर, राज्याची हद्द ओलांडताच लागतं. नागपूरहूनही याच महामार्गानं दीडएकशे किलोमीटर. परिणामी शनिवार-रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत बुकिंग मिळणं अवघड. राहायची सोय करणारे रिसॉर्ट, होम-स्टे उभे राहिले. जिप्सीवाले, स्वयंपाकी, सफाईवाले अशी कामं निघाली. ज्या तालुक्याची ओळख वर्षानुवर्षं शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांनी ठरत होती, त्याच्या नावाशी एक आनंदाची गोष्ट जोडली गेली, याला कमी लेखायचं कारण नाही.

पण पैशाची वाट नीट पाहिली तर ती अरुंद दिसते. गेटवरच्या गावांत तो पैसा थोडाफार झिरपतो. गेटपासून लांब असलेल्या, पण वाघाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असलेल्या गावांत तो पोहोचत नाही. राळेगाव, मारेगाव, झरी-जामणी तालुक्यांतल्या कित्येक गावांनी वाघ पाहिलाय. त्याच्यापायी आलेला पर्यटक पाहिलेला नाही.

आत न मावणारा वाघ

वाघाचा हिशोब साधा असतो. पिल्लू दीड-दोन वर्षांचं झालं की आईपासून वेगळं होतं. मादी बहुधा आईच्या शेजारी हद्द शोधते. नराला मोठी हद्द लागते आणि ती आधीच्या बलदंड नराकडून हिसकावून घ्यावी लागते, नाहीतर दूर निघून जावं लागतं. 148 चौरस किलोमीटरमध्ये हे भांडण लवकर संपतं. हरलेला, किंवा भांडायलाच न थांबलेला तरुण नर बाहेर पडतो.

असा एक नर देशभर गाजला. 2016 च्या अखेरीस टिपेश्वरमध्ये जन्मलेल्या या वाघाला फेब्रुवारी 2019 मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रेडिओ कॉलर लावली. त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या तोंडाशी त्यानं टिपेश्वर सोडलं. पैनगंगा अभयारण्य, तेलंगणातला आदिलाबाद, मग नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला अशी पायपीट करत डिसेंबरमध्ये तो बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वाटेत शेतं, कालवे, रेल्वेमार्ग, महामार्ग. दिवसा झुडपात पडून राहायचं, रात्री चालायचं. 2020 च्या एप्रिलमध्ये कॉलर निघाली तोवर त्यानं एकूण 3,000 किलोमीटरच्या आसपास अंतर कापलं होतं. लोकांनी त्याचं नाव ‘वॉकर’ ठेवलं. या सगळ्या प्रवासात त्यानं एकाही माणसाचा जीव घेतला नाही, हे त्याच्या किलोमीटरांपेक्षा जास्त लक्षात ठेवण्यासारखं.

तो अपवाद नव्हता. मार्च 2021 मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात कित्येक दशकांनी वाघ कॅमेऱ्यात आला. प्रत्येक वाघाच्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात. जुन्या छायाचित्रांशी ते जुळवून पाहिल्यावर तो टिपेश्वरचा निघाला. डिसेंबर 2024 मध्ये धाराशिवच्या येडशी रामलिंगघाट अभयारण्यात असाच एक पाहुणा दिसला, तोही टिपेश्वरचाच. मराठवाड्यानं पिढ्यान्‌पिढ्या न पाहिलेला वाघ यवतमाळच्या या छोट्या तुकड्यातून तिथं जातो आहे.

राज्याची आकडेवारीही तेच सांगते. 2014 च्या गणनेत महाराष्ट्रात 190 वाघ होते, 2018 मध्ये 312 आणि 2022 मध्ये 444. वाघ वाढले, जंगल त्या प्रमाणात वाढलेलं नाही. वाढलेला वाघ कुठे राहणार, या प्रश्नाचं उत्तर कागदावर ‘संचारमार्ग’ असं आहे. जमिनीवर त्याचं उत्तर कुणाची तरी तुरीची ओळ आहे.

राळेगावची दोन वर्षं

गेटबाहेरच्या वाघाचं सगळ्यात कडू पान राळेगाव तालुक्यात लिहिलं गेलं. जून 2016 पासून बोराटी, सराटी, लोणी, सावरखेडा, विहीरगाव, पिंपळशेंडा या गावांच्या टापूत माणसं मरू लागली. वनखात्यानं ज्या वाघिणीवर ठपका ठेवला तिचा क्रमांक टी-1. पुढे ती ‘अवनी’ म्हणून जगभर ओळखली गेली. वॉकरच्या आईचा क्रमांकही टी-1 च, पण ती टिपेश्वर अभयारण्यातली वेगळी वाघीण. अवनी अभयारण्याच्या बाहेर, प्रादेशिक वनविभागाच्या हद्दीत, शेतांच्या मधल्या लहान-लहान जंगलतुकड्यांत आणि घाणेरीच्या गचपणात राहत होती. तिथं चितळ-सांबर नावापुरते, गुरं भरपूर. गुरांमागे ढोरकी.

खात्याच्या हिशोबानं बळी 13. त्यातले किती नक्की तिचे, यावर वन्यजीवप्रेमींनी शेवटपर्यंत वाद घातला. गावकऱ्यांना त्या वादात रस नव्हता. ऑगस्ट 2018 च्या एका महिन्यात तीन माणसं गेली आणि शेतं ओस पडली. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं, तिथून सर्वोच्च न्यायालयात. सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वनखात्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. आदेश असा होता की आधी बेशुद्ध करून पकडण्याचा प्रयत्न करा. ते जमलंच नाही तर गोळी.

मग जो फौजफाटा आला तो या भागानं कधी पाहिला नव्हता. शेकडो कर्मचारी, कॅमेरा ट्रॅप, ड्रोन, पॅराग्लायडर, शिकारी कुत्रे, मध्य प्रदेशातून आणलेले हत्ती. वाघिणीला भुलवायला केल्विन क्लाइनचं ‘ऑब्सेशन’ अत्तरही शिंपडलं गेलं. चंद्रपूरहून आणलेला एक हत्ती रात्री सुटला आणि चहांद गावात त्याच्या हल्ल्यात एका बाईचा जीव गेला. वाघापासून वाचवायला आणलेल्या हत्तीनं घेतलेला तो बळी 13 च्या यादीत नाही.

2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीजवळ नेमबाज असगर अली खान यानं अवनीला गोळी घातली. दिवाळी पाच दिवसांवर होती. गावांत फटाके वाजले, मिठाई वाटली गेली. मुंबई-दिल्लीत त्याच वेळी मेणबत्त्या लावल्या जात होत्या. गोळी घालण्याची पद्धत, बेशुद्धीच्या औषधाचा वापर, रात्रीची वेळ यांवर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत गंभीर ताशेरे ओढले गेले. तिच्या दोन बछड्यांपैकी मादी त्या डिसेंबरमध्ये पकडली गेली, पेंचमध्ये वाढवून मार्च 2021 मध्ये जंगलात सोडली आणि काही दिवसांतच मेली.

फटाके वाजवणाऱ्यांना शहरांनी क्रूर ठरवलं, मेणबत्त्या लावणाऱ्यांना गावांनी बेफिकीर ठरवलं. दोन्ही आरोप सोयीचे होते. कापूस वेचणारी बाई कंबरेत वाकून काम करते. शेजारी माणसाच्या उंचीच्या तुरीच्या ओळी असतात. वाकलेला माणूस वाघाला चार पायांच्या जनावरासारखा दिसू शकतो, आणि तुरीत बसलेला वाघ माणसाला दिसतच नाही. दोन वर्षं हे भय रोज मजुरीवर घेऊन जाणाऱ्या बाईनं वाघीण मेल्यावर सुटकेचा श्वास टाकला, तर त्यात क्रौर्य कुठलं? आणि दुसऱ्या बाजूला, चार-दोन जंगलतुकड्यांत अडकून पडलेल्या एका आईला देशाची खलनायिका करून आपण प्रश्न सोडवला, असं समजणं तरी कुठलं शहाणपण?

तार कुणासाठी असते

यवतमाळमधल्या वाघाच्या मरणाची कारणं शोधायला निघालं की वाट पुन्हा पिकाकडेच जाते. शेतकऱ्याचा रोजचा वैरी वाघ नाही. तो आहे रानडुक्कर आणि रोही. एका रात्रीत डुकरांचा कळप हरभऱ्याची पट्टीच्या पट्टी उकरून टाकतो. म्हणून जागल. थंडीत शेकोटी पेटवून, मचाणावर बसून, डबे वाजवत रात्र काढायची. ज्याला ते झेपत नाही तो धुऱ्यावर तार ओढतो. सौर झटका मशीन असेल तर जनावर नुसतं दचकून पळतं. पण काही ठिकाणी थेट खांबावरून वीज घेतली जाते, काही ठिकाणी तारेचे फासे लावले जातात. डुकरासाठी लावलेली तार डुकरामागे आलेल्या वाघालाही ओळखत नाही, आणि अंधारात पाणी द्यायला निघालेल्या शेजाऱ्यालाही नाही.

सगळं अजाणतेपणी घडतं असंही नाही. एप्रिल 2021 मध्ये मुकुटबन परिसरात एका गुहेत गर्भार वाघीण मारलेली सापडली. पंजे कापून नेलेले होते. त्याला शिकारच म्हणतात, आणि तिला माफी नाही. मात्र शिकारी आणि जागलीवरचा शेतकरी यांना एकाच यादीत घालणं हे वाघाच्याच तोट्याचं आहे. वाघाची खबर सगळ्यात आधी शेतकऱ्याला असते. तो बोलायचा थांबला तर कितीही कॅमेरे लावा, ते अपुरेच पडतील.

नुकसानभरपाई आहे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर राज्य सरकार आज कुटुंबाला 25 लाख रुपये देतं. काही रक्कम लगेच, उरलेली मुदत ठेवीत. गुरासाठी, पिकासाठीही तरतूद आहे. गावागावांत प्राथमिक प्रतिसाद दलं उभी केली जातात, डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून गॅस आणि कुंपणासाठी मदत दिली जाते. या गोष्टी दहा-पंधरा वर्षांपूर्वीपेक्षा खूप पुढच्या आहेत. पण भरपाई नुकसान झाल्यानंतरची असते. जागलीची रात्र, भीतीपोटी लवकर सोडलेली शेतातली पाळी, चरायला न सोडता गोठ्यात बांधून पोसलेल्या ढोरांचा चारा, सिलिंडर संपल्यावर पुन्हा सरपणाला जावं लागणं, यांची भरपाई कुठल्याच शासन निर्णयात बसत नाही.

वनखात्याबाहेरचं वन्यजीव संवर्धन

इथून पुढे काय, यावर दोन जुनी उत्तरं ऐकू येतात. एक म्हणतं, जंगलाला कुंपण घाला. वाघाला कोंडलं तर तो आपसांत लढून आणि सगोत्र संकरानं संपेल. गौताळा, ज्ञानगंगा, येडशीची वाट बंद होईल ती वेगळीच. दुसरं म्हणतं, आणखी गावं उठवा. वाघ जर जिल्हाभर राहत असेल तर जिल्हा कुठे उठवणार?

तिसरं उत्तर कमी रोमांचक आहे आणि म्हणूनच त्यावर कमी बोललं जातं. शेतकरी रात्री शेतात का असतो, हे विचारायचं. एक कारण जागल. दुसरं कारण वीज. शेतीपंपाला तीन फेजचा पुरवठा आलटून-पालटून दिवसा आणि रात्री होतो; रात्रीच्या पाळीला गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस टॉर्च घेऊन एकटा निघतो, नेमका वाघ फिरतो त्या वेळी. दिवसा वीज देण्यासाठी राज्यानं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आहे. तिच्यात टिपेश्वर, पैनगंगा आणि त्यांच्या मधल्या संचारमार्गावरच्या गावांना अग्रक्रम मिळाला, तर ते वन्यजीव संवर्धनाचंच काम ठरेल. सामूहिक सौर कुंपण हेही त्याच प्रकारचं काम: एकेकट्यानं नाही, साऱ्या गावशिवाराला मिळून, म्हणजे खांबावरून वीज चोरण्याची गरज उरणार नाही. वाघ मारतो ते डुक्कर शेतकऱ्याच्या फायद्याचं असतं; शेतकऱ्याचं पीक सुरक्षित असेल तर हा फायदा त्याला दिसायला वेळ मिळेल.

रस्त्यांबाबतही मार्ग माहीत आहे. याच महामार्ग 44 वर उत्तरेकडे पेंचच्या जंगलात प्राण्यांसाठी उंच पूल बांधले गेले आणि त्यांच्याखालून वाघ जाताना कॅमेऱ्यांनी टिपले. वणी-मुकुटबनच्या बाजूला कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचा कारखाना आला आहे, वाहतूक वाढते आहे. वाघाची वाट कुठून जाते हे आता ठाऊक असताना नवा रस्ता आखताना ते विसरणं हा अपघात म्हणता येणार नाही.

आणि पर्यटनाचा पैसा. तो फक्त गेटवरच्या गावांपुरता न ठेवता त्याचा ठरावीक हिस्सा संचारमार्गावरच्या ग्रामसभांना द्यायला हवा. कुणाच्या तुरीत वाघीण पिल्लं घेऊन राहिली आणि त्या शेतकऱ्यानं गप्प राहून तिला राहू दिलं, तर त्यानं जे केलं ते कुठल्याही रिसॉर्टपेक्षा मोठं आहे.

या दिवाळीत टिपेश्वरला जाणार असाल तर जरूर जा. गाइडचं ऐका, गाडीतून उतरू नका, वाघ दिसला नाही तर त्या पोरावर रुसू नका. जमल्यास रिसॉर्टऐवजी गावातल्या घरी मुक्काम करा, तिथलं जेवा, आणि सकाळी निघताना घरधन्याला विचारा, की तुमच्या शेताला वीज दिवसा येते का. उत्तर ‘रात्री’ असं आलं, तर परतल्यावर वाघाच्या फोटोसोबत तेही लोकांना सांगा. कारण टिपेश्वरचा वाघ पुढची वीस वर्षं टिकतो की नाही, हे वनखात्याच्या बंदुकांपेक्षा शेतीपंपाच्या वेळापत्रकावर जास्त ठरणार आहे.